आमच्या बेटावरील नाताळ



देवळाच्या ज्युबिलीनिमित्त जीं स्मरणपुस्तकें निघतात, त्यांत बांधकामाचे सन, विकारांचीं नांवें, घंटेचें वजन आणि वेदीला आलेला खर्च हीं येतात, व तीं यावींच. परंतु देऊळ ज्या लोकांनीं भरतें त्यांचा इतिहास ह्या यादींत सांपडत नाहीं. जाळें ओढणारा, भात कांडणारी, ताडावर चढणारा, सांजवेळीं ओसरीवर मुलांना प्रार्थना शिकविणारा मास्तर, ह्यांची नोंद कोणत्याहि दप्तरांत केलेली नसते. त्यांचा इतिहास पाहावयाचा तर तो त्यांच्या सणांत पाहिला पाहिजे. आणि नाताळानें जितक्या राजवटी पाहिल्या तितक्या आपल्या दुसऱ्या फार थोड्या सणांनीं पाहिल्या असतील. म्हणून ह्या मंगल प्रसंगीं धारावी बेटावरील नाताळाची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

धारावी म्हणतांच आज पुष्कळांच्या मनांत मुंबई शहरांतील दाट वस्ती उभी राहते. आपलें धारावी बेट तें नव्हे. साष्टीच्या पश्चिमेस, वसईची खाडी, मनोरीची खाडी आणि अरबी समुद्र यांच्यामध्यें जी लांबट भूमि पसरली आहे, तें हें बेट. त्यावर डोंगरी, उत्तन, गोराई, मनोरी हीं गांवें वसलीं आहेत. एका अंगास भाताचीं शेतें व खाजणें, दुसऱ्या अंगास कोळीवाडे व बोंबलांच्या वलांड्या, आणि मधून ताडामाडांच्या रांगा. ह्या गांवांच्या देवळांचीं नांवें एकत्र उच्चारून पाहा. डोंगरीचें देऊळ बेथलेहेमच्या मातेचें, गोराईचें तीन राजांचें, उत्तनचें समुद्रमातेचें, मनोरीचें ख्रिस्ती जनांच्या साहाय्यक मातेचें. मागी राजांनीं जो प्रवास दूर पूर्वेकडून बेथलेहेमास केला, तो आमच्या बेटावरचा मनुष्य एका सकाळीं पायीं करूं शकतो. नाताळाची कथाच ह्या भूमीवर देवळांच्या रूपानें मांडून ठेविली आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

ही मांडणी आली कशी? गुजराथचा सुलतान बहादुरशहा याला मोगल बादशहा हुमायून याची धास्ती पडली होती. त्या अडचणींत त्यानें पोर्तुगीज गव्हर्नर नुनु द कुन्य ह्याशीं तह केला आणि वसई, तिच्या ताब्यांतील मुलूख व बेटें पोर्तुगालच्या राजास दिलीं. ह्या तहाची तारीख २३ डिसेंबर १५३४. म्हणजे आमच्या किनाऱ्याचें राज्य बदललें तें नाताळाच्या अवघ्या दोन दिवस आधीं. त्या वर्षींचा नाताळ जहाजांवरील परक्या खलाशांचा होता. किनाऱ्यावर जाळें टाकणाऱ्या आमच्या पूर्वजांना त्याची वार्ताहि नसावी.

पुढें फ्रान्सिस्कन संघाचे पाद्री आंतोनियु द पोर्तु वसई प्रांतांत आले. आपल्या बेटासमोर, खाडीपलीकडे, मंडपेश्वराच्या लेण्यांपाशीं त्यांनीं देऊळ व पाठशाळा उभारली. त्या काळच्या धर्मप्रसाराच्या मागें उपदेश होता, दयाधर्म होता, तशीच राजसत्तेची आशा व धाकहि होता, हें आज प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु त्या फकिरी वृत्तीच्या पाद्र्यांनीं एक गोष्ट अशी आणली कीं जी राजसत्तेशिवाय जगूं शकत होती. त्यांच्या संघाचे संस्थापक संत फ्रान्सिस ह्यांनीं १२२३ सालीं इटालींतील ग्रेच्यो गांवीं, खरें गवत व खरे बैल-गाढव आणून, ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला होता. गोठा करण्याची चाल लोकांत रुजली ती त्यांच्यामुळें. आमच्या लोकांना हा देखावा समजावून सांगण्याची गरजच नव्हती. गोठा, पेंढा, गव्हाणी, गाय, सर्व घरचेंच होतें. राजवाड्यांत जन्मलेला देव कदाचित् त्यांना परका वाटला असता. गोठ्यांत जन्मलेला देव त्यांनीं ओळखला.

सणाचें नांवहि तेव्हांच आलें. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल' ह्याचा मराठी अवतार असून त्याचें मूळ लॅटिनमधील जन्मवाचक शब्दांत आहे. पाव, पाद्री, मेज, चावी ह्या शब्दांबरोबर तो ह्या भाषेंत शिरला आणि आतां तो ख्रिस्त्यांचाच राहिलेला नाहीं. आमचे हिंदु व मुसलमान शेजारीहि डिसेंबरांतल्या सुटीला नाताळची सुटीच म्हणतात. ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवींत प्रथम विस्तारानें गाण्याचा मान मात्र एका इंग्रज जेझुइटाकडे जातो. फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्याच्या साष्टींतील रायतूर येथें छापलें गेलें. ती साष्टी निराळी, आपली ठाण्याची साष्टी निराळी; नांव मात्र एक. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथानें हें दाखवून दिलें कीं बेथलेहेमची रात्र मराठींत सांगतां येते, आणि ती सांगतांना मराठीला संकोच वाटत नाहीं.

येथें एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १६६५ सालीं मुंबई बेट इंग्रजांच्या हातीं गेलें, पण साष्टी व धारावी पोर्तुगीजांकडेच राहिलीं. पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनीं १५८२ सालीं पंचांग सुधारलें होतें. पोर्तुगीजांनीं तें स्वीकारलें. इंग्रजांनीं १७५२ सालापर्यंत स्वीकारलें नाहीं. परिणाम असा झाला कीं वांद्र्यास नाताळ होऊन दहा दिवस लोटले म्हणजे मग माहीमच्या खाडीपलीकडील इंग्रज आपला नाताळ करावयास बसत. १७०० सालानंतर हें अंतर अकरा दिवसांचें झालें. एवढीशी खाडी, पण तिच्या दोन तीरांवर राज्यकर्त्यांचे नाताळ दोन!

आतां संकटाचा काळ पाहूं. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली आणि चिमाजी आप्पांची मोहीम वसईवर चालून गेली. वसईच्या खाडीचें तोंड धारावी बेटाच्या उत्तर टोंकावरून दिसतें व अडवितां येतें. म्हणून ह्या बेटाच्या गढीसाठीं दोन्ही पक्षांनीं शर्थ केली. ती कधीं ह्यांच्या, कधीं त्यांच्या हातीं जाई. १७३९ सालीं ती अखेरची मराठ्यांकडे आली आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई पडली. म्हणजे १७३७ व १७३८ हे दोन नाताळ बेटानें लढाईच्या छायेंत काढले. त्या दोन रात्रीं मध्यरात्रीची मिस्सा कोठें झाली, कोणी केली, दिवे लावले कीं अंधारांतच प्रार्थना आटोपली, हें सांगावयास आतां कोणी नाहीं.

वसई पडल्यावर युरोपियन पाद्री निघून गेले. घंटाहि गेल्या. वाईजवळील मेणवली येथें १७०७ सालची, व नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरांत १७२१ सालची अशा ज्या पोर्तुगीज घंटा आहेत, त्या ह्याच मोहिमेंतील विजयचिन्हें होत असें मानितात. ज्या गांवाची घंटा गेली, त्या गांवीं नाताळाची मध्यरात्र कळावी कशी? पण तह करतेवेळीं ख्रिस्ती उपासनेस मोकळीक ठेवण्यांत आली होती, आणि गोव्याकडील देशी पाद्र्यांनीं हीं गांवें सोडलीं नाहींत. आंकेतिल द्युपेराँ हा फ्रेंच पंडित, ज्यानें पुढें १७७१ सालीं पारशांच्या अवेस्ताचें भाषांतर प्रसिद्ध केलें, तो १७६० सालीं साष्टींतून गेला. ठाण्याच्या देवळांत मोठ्या थाटानें चाललेला सण आणि निर्भयपणें ये-जा करणारे ख्रिस्ती लोक त्यानें पाहिले व लिहून ठेविलें. मराठ्यांच्या राज्यांत, पोर्तुगीज शिपाई नसतांना, सण चालू होता! ज्यांना वाटतें कीं आमचा धर्म केवळ परक्या तलवारीवर उभा होता, त्यांना ह्या एका साक्षीनें उत्तर मिळतें. मराठी राज्याच्या औदार्याचेंहि तें प्रमाण आहे, आणि तें मान्य करण्यांत आपणांस कमीपणा नाहीं.

पुन्हा राज्य बदललें, आणि योगायोग असा कीं पुन्हा नाताळांतच. १७७४ सालच्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याच्या किल्ल्यास वेढा घातला. २५ तारीख तोफांच्या भडिमारांतच उजाडली. २८ डिसेंबर रोजीं किल्ला सर झाला आणि आंतील बहुतेक शिबंदी कापली गेली. आपल्या उपासना-पंचांगांत तो दिवस निष्पाप बालकांचा, म्हणजे हेरोदानें मारविलेल्या बेथलेहेमच्या लेकरांचा. साष्टींतील देवळांत त्या सकाळीं ती करुण कथा वाचली गेली असेल, आणि कांहीं कोसांवर मेलेल्या शिपायांच्या आया आपापल्या गांवीं, अजून कांहीं न कळलेल्या, पोरांची वाट पाहात असतील. पुढें १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी इंग्रजांकडे कायम झाली.

अशा रीतीनें ह्या किनाऱ्यावर एक राजसत्ता नाताळाच्या आठवड्यांत आली व दुसरीहि नाताळाच्या आठवड्यांतच आली. सुलतान गेला, फिरंगी गेला, पेशवा गेला, आणि १९४७ सालीं इंग्रजहि गेला. नाताळ राहिला. तो कां राहिला, हाच ह्या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

माझ्या मतें त्याचें कारण असें कीं, हा सण राजाच्या आश्रयावर कधीं टांगलेला नव्हता. तो भाताशीं, भरती-ओहोटीशीं आणि शेजाऱ्याशीं बांधलेला होता.

प्रथम भात. आश्विन-कार्तिकांत शेतें कापलीं जातात. डिसेंबरांत नवा तांदूळ घरांत असतो. उखळांत कांडलेला, जात्यावर दळलेला तो तांदूळ, माडाचें खोबरें, गूळ आणि ताडाची ताडी, एवढ्यांतून आमच्या नाताळाचें पक्वान्न झालें. ताडीनें पीठ फुगतें, म्हणून फुगे व सांदणें झालीं. करंजीची नेवरी झाली; फणीवर वळून कलकल झाले; मोठ्या पातेल्यांत तासन् तास घोटून दोदोल झाला. पोर्तुगीज नांवें कांहीं असोत, हात आमच्या आयाबहिणींचे होते. पाद्री नव्हते तेव्हांहि चुली होत्या. ज्या वर्षीं देवळांत दिवा लागला नसेल, त्या वर्षीं घरांत तवा तापला असेल, आणि तव्याभोवतीं बसलेल्या पोरांनीं 'आज काय आहे?' असें विचारलें असेल. त्या प्रश्नाचें उत्तर देणारी आजी हीच त्या वर्षींची उपदेशक.

दुसरी गोष्ट समुद्राची. आमचे कोळी बांधव डोल जाळें लावतात. तें खोल पाण्यांत बांधलेलें असून भरती-ओहोटीच्या ओढीनें त्यांत मासळी शिरते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओढ मोठी, म्हणून काम अधिक. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी मंद व थोडी उसंत. आतां नाताळ चालतो सूर्याच्या पंचांगानें आणि समुद्र चालतो चंद्राच्या. नाताळ भांगांत पडला तर सर्व होड्या सुखानें किनाऱ्यास लागतात. उधाणांत पडला तर घरोघर तोच प्रश्न: जाळें कीं मिस्सा? २०१५ सालीं २५ डिसेंबरलाच पौर्णिमा होती. तशी ती त्यापूर्वीं १९७७ सालीं होती. अशा वर्षीं जो तांडेल आपली होडी रिकामी ठेवून देवळांत येऊन उभा राहतो, त्याचें दान पेटींत पडत नाहीं, पण तें देवाला दिसतें.

जुन्या नियमाप्रमाणें २४ तारखेस उपवास व मांसत्याग असे. त्या दिवशीं आमच्या घरीं मासळीच शिजे, आणि शेतकऱ्याच्या घरीं ती कोळ्याकडून जाई. मध्यरात्रीच्या उपासनेला पोर्तुगीज परंपरेंत 'मिस्स दु गालु', म्हणजे कोंबड्याची मिस्सा म्हणतात. हातांत कंदील घेऊन, शेताच्या बांधांवरून एकामागून एक माणसें निघालीं म्हणजे काळोखांत दिव्यांची माळच हालत येत आहे असें दिसे. डिसेंबरची थंडी, खाडीवरचा वारा, अंगावर पेटींतून काढलेलीं कापूरवासाचीं वस्त्रें! लॅटिन कोणास समजत नसे, पण 'ग्लोरिया' सुरू होऊन घंटा वाजल्या कीं पेंगणारें पोरहि ताठ बसे. १९६३ सालीं व्हॅटिकन परिषदेनें लोकभाषेंत उपासनेस वाट दिली, आणि फादर स्टीफन्सनीं जें पुराणांत केलें तें वेदीवर आलें.

तिसरी गोष्ट शेजाऱ्याची, आणि हीच माझ्या मनाला अधिक लागलेली आहे. नाताळच्या सकाळीं ताटांत थोडें थोडें सर्व मांडून, वर विणलेला रुमाल घालून, तें शेजारीं पाठविण्याची आपली रीत आहे. हिंदु शेजाऱ्याकडून दिवाळीचा फराळ आलेला असतो. त्याचें भांडें रिकामें परत जात नाहीं. आणि ज्या घरीं त्या वर्षीं मृत्यु झाला असेल, त्या घरीं तळण होत नाहीं. तेथें सर्वांआधीं ताट जातें.

माझे वडील गेले त्या वर्षीं आमच्या घरीं चूल केवळ भातापुरती पेटली होती. आई मिस्सेहून येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. गोठा आम्ही मांडला नव्हता. उजाडतां उजाडतां दारीं पहिलें ताट आलें, मग दुसरें, दुपारपर्यंत मेजावर जागा उरली नाहीं. त्यांत एक ताट अशा घरचें होतें कीं ज्यांच्याशीं शेताच्या बांधावरून आमचें कित्येक वर्षें बोलणें नव्हतें. आईनें तें ताट बराच वेळ हातांत धरिलें. मग उठली, पेंढा मागितला, आणि स्वतः गोठा मांडला. ख्रिस्तजन्माचा अर्थ मला त्या दिवशीं जितका कळला तितका पुढें कोणत्याहि प्रवचनानें कळला नाहीं.

सण २५ तारखेस संपत नाहीं. वर्षाच्या अखेरच्या रात्रीं मुलें पेंढ्याचा 'म्हातारा' करून जाळतात. सहा जानेवारी हा तीन राजांचा दिवस, म्हणजे गोराईच्या देवळाचा मान. आणि जानेवारीच्या दुसऱ्या रविवारीं मनोरीच्या खाडीपलीकडे एरंगळची जत्रा. तेथील १५७५ सालचें देऊळ संत बोनाव्हेंचरचें. त्या संताचा सण जुलैंत, पण जुलैंत आमच्या समुद्रावर होडी घालील कोण? म्हणून किनाऱ्याच्या सोयीनें जत्रा हिंवाळ्यांत भरते. एरंगळच्या पुळणीवर त्या दिवशीं सर्व जातींचे लोक जमतात. ऋतूला मान देऊन श्रद्धा कशी टिकते, ह्याचें हें उत्तम उदाहरण होय.

१८४५ सालीं माहीमचा बांध झाला, १८५३ सालीं ठाण्यापर्यंत आगगाडी आली, आणि साष्टीचे तरुण मुंबईच्या कचेऱ्यांत, गोद्यांत व गिरण्यांत शिरले. १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, आपल्या समाजानें ईस्ट इंडियन हें नांव घेतलें. पाद्रुआदु व प्रोपागांदा ह्यांच्या अधिकाराचा जुना तंटाहि १९२८ च्या करारानें बहुतांशीं मिटला. तेव्हांपासून नाताळ म्हणजे घरीं येण्याचा सण झाला. मार्व्याच्या धक्क्यावर, ट्रंका व गांठोडीं घेऊन, मनोरीच्या तरीची वाट पाहणारीं माणसें हेंच आमच्या सणाचें पहिलें चित्र. आज तीं माणसें दुबईहून व टोरोंटोहून येतात, इतकाच फरक.

पण एक भय सांगितल्यावांचून लेखणी ठेवावी असें वाटत नाहीं. पक्वान्नें आतां दुकानांत मिळतात, दिवे विजेचे आहेत, रोषणाई पूर्वीपेक्षां शतपटीनें अधिक आहे. त्याविषयीं तक्रार नाहीं. भय ह्याचें कीं ताट बंद होईल. जो सण चार राजवटींच्या तोफांनीं बंद पडला नाहीं, तो बंद दारांनीं पडेल. देऊळ कितीहि वेळां नवें बांधतां येतें. एकदां तुटलेली ताटाची वाट पुन्हा पाडणें कठीण.

म्हणून ह्या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक घरानें दोन गोष्टी कराव्या, एवढीच विनंती. घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून त्याचा पहिला आठवणारा नाताळ लिहून काढावा; दप्तरांत नसलेला आपला इतिहास तोच आहे. आणि येत्या नाताळास पहिलें ताट त्या घरीं पाठवावें, जेथें ह्या वर्षीं चूल पेटणार नाहीं, किंवा जेथें आपण पुष्कळ वर्षें गेलों नाहीं.

बेथलेहेमची माता, जिला सरायींत जागा मिळाली नाहीं, ती आपल्या बेटावरील एकहि दार बंद राहूं न देवो. नाताळ व ज्युबिली आपणां सर्वांस सुखाची जावो. आमेन.